पंख्याचं तोंड

मल्हारी, तुला शिव्या घालायला बसले आहे. दुसरं काही सुचत नाय. छावणी बाजारातल्या दुकानदारांनी सांगितलं होतं, "शोभाताई, तुम्ही पंधरा वर्षं एका दुकानात बसलात, फोटोखाली लावायला चार ओळी लिहून द्या." लिहिल्या. मनमिळाऊ, हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावून जाणारा. वाचून माझं मलाच हसू आलं आणि कागद चुरगळून टाकला. मनमिळाऊ कधी होतास रे तू? शटर वर जायच्या आधी भांडायला सुरुवात करायचास. कुलूप तू उघडायचं की मी, इथपासून.

तुझ्या टेबलावर इम्रानभाईच्या कॉम्प्युटरचा डबा पडलेला होता. एका बाजूचा पत्रा काढलेला, स्क्रू स्टीलच्या वाटीत, आणि वर पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर तुझं ते वाकडंतिकडं अक्षर: "नवे पंखे येतील. लाव. तोंड आत." बस. पंधरा वर्षांच्या भागीदारीतलं तुझं शेवटचं वाक्य हे. आणि ते मला कळलं नाय. माणूस जातो तर काहीतरी धड बोलून जातो. तू कोडं घालून गेलास.

तुला सगळं माहीतच आहे, पण मला पहिल्यापासून सांगू दे. नायतर माझा राग निवायचा नाय.

इम्रानभाई लग्नाचं शूटिंग करतो. सकाळचा निकाह संध्याकाळच्या जेवणाला पडद्यावर दाखवायचा, हे त्याचं वैशिष्ट्य. त्यासाठी त्याला गाडीत मावेल असा कॉम्प्युटर पाहिजे होता, दोन डब्यांच्या टिफिनएवढा म्हण. आणि ताकद मात्र मोठ्या कॅबिनेटची. एवढ्या कोंडवाड्यात प्रोसेसर तापणार, ग्राफिक्स कार्ड तापणार, म्हणून पाण्यावर थंड करायचं ठरलं. प्रोसेसरच्या डोक्यावर पंप, पंपातनं दोन नळ्या, नळ्यांतलं पाणी रेडिएटरमध्ये, आणि रेडिएटर आणि बाहेरची जाळी यांच्या मधोमध दोन पंखे. इथपर्यंत आपलं एकमत. मग प्रश्न आला पंख्यांनी हवा कुठल्या बाजूला ढकलायची.

तू म्हणालास, बाहेरची ताजी हवा आत ओढायची, पहिला मान रेडिएटरला. मी म्हणाले, अरे येड्या, मग रेडिएटरची सगळी आग डब्यात जाईल आणि ग्राफिक्स कार्ड भाजून निघेल. आतली हवा रेडिएटरमधनं बाहेर फेकायची, ताजी हवा खालनं येऊ द्यायची. तू म्हणालास, खालनं धूळ येईल. मी म्हणाले, मग खाली बारीक जाळी लाव. तू म्हणालास, आतली हवा आधीच कार्डानं तापवलेली, तिनं पाणी काय डोंबलाचं थंड होणार? दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. एवढ्याशा डब्यात गरमी कुठंतरी जाणारच, आधी कुणाला सोसायला लावायची एवढाच प्रश्न असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये असल्या चुका पोटात घातल्या जातात. छोट्यात नाय.

आणि आपल्या भांडणाला नेहमीच दुसरी एक फांदी फुटलेली असायची. पंख्याचं तोंड कुठलं?

पहिल्या वर्षी याच्यापायी चार पंखे उलटे बसले होते, आठवतं? मी म्हणायचे, तोंड म्हणजे जिथनं फुंकतो ते. आपल्या संभाजीनगरात घराघरांत कूलर आहे, कूलरचं तोंड खोलीकडं कर म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा वाऱ्याची बाजू खोलीकडं करतं. तू म्हणायचास, "शेळीचं तोंड कुठं असतं गं, पाटलीणबाई? जिथनं खाते तिथं. पंखा हवा खातो. जिथनं खातो ते तोंड, मागनं टाकतो ती शेपूट." मी म्हणायचे, "शी!" आणि तू पोट धरून हसायचास. म्हणजे एकच पंखा, एकाच जागी, माझ्या भाषेत त्याचं तोंड आत, तुझ्या भाषेत बाहेर. शेवटी तह झाला: बोलायचं नाय, पिवळ्या खडूनं पंख्यावर बाण काढायचा. हवा जाईल तिकडं बाण. तो तह आपण चौदा वर्षं पाळला.

या डब्याला तू बाण काढला नाहीस. पंखेच आले नव्हते म्हणा. जुन्यातला एक घरघर करत होता म्हणून तू दोन्ही काढून टाकलेस, नवे मागवलेस आणि पुठ्ठ्यावर लिहून गावाला निघून गेलास. बोलून सांगितलं असतंस तर? पण बोलणार कसा? आपला अबोला चालू होता ना. आठ दिवस. पुठ्ठ्यावरच कारभार चालला होता. "चहा सांगितलाय." "वीजवाला येऊन गेला." "स्क्रू ड्रायव्हर कुठंय?" लहान पोरांसारखं.

अबोला कुणामुळं झाला ते मी कुणाला सांगितलेलं नाय. तुझ्या बायकोला, लताला पण नाय. आता तुला सांगते, जणू तू तिथं नव्हतास.

इम्रानभाई समोर बसला होता. तू तुझ्या खिशातला लोकरीचा पुंजका काढलास. तुझी ती सवय. बापाच्या मेंढरांची लोकर, काडीला बांधलेली. कुठलाही कॅबिनेट उघडला की चालू मशीनमध्ये ती काडी धरायचास, आणि पुंजका कुठं झुकतो, कुठं नुसता लोंबतो ते बघायचास. जिथं लोंबला तिथं हवा मेली. मी सॉफ्टवेअर लावून आकडे बघत बसायचे तोवर तुझं उत्तर तयार असायचं, आणि दहात आठ वेळा बरोबर असायचं. त्या दिवशी तू इम्रानभाईला समजावत होतास, दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून गोळा होतात, मधलं गुदमरतं, तसं या डब्यात झालंय. आणि मग हसत म्हणालास, "मॅडमना नाय कळायचं, त्या कूलरसमोर वाढल्या."

गिऱ्हाइकासमोर मला हसलास, ते मला झोंबलं. मी म्हणाले, "हे कॉम्प्युटर आहे, मेंढराचा कळप नाय. इथं वळायला नाय बसलो आपण. तो घाणेरडा पुंजका आधी उचल टेबलावरनं."

इम्रानभाईनं मान खाली घातली. तू पुंजका उचललास. काडी खिशात ठेवलीस. तुझं ते गप्प बसणं मला सोसलं नाय, म्हणून मी आणखी बोलले. म्हणाले, "असंच करायचं असेल तर उद्यापासून तोंड दाखवू नको मला."

दुसऱ्या दिवशी तू आलास. वेळेवर आलास. पण पाठ करून बसलास, टेबल भिंतीकडं वळवून. खरंच तोंड दाखवलं नाहीस, हट्टी माणसा.

माझ्या माहेरच्यांनी मला विचारलं होतं ना, दुकान टाकायचं तर त्याच्याबरोबरच कशाला? तेव्हा मी काय भांडले होते तुझ्यासाठी! आयटीआयच्या वर्गात सोल्डरिंगला ज्याचा हात सगळ्यात स्थिर तो माझा भागीदार, तुमचं पाटीलपण घाला चुलीत, असं म्हटलं होतं वडिलांना. आणि पंधरा वर्षांनी तेच पाटीलपण माझ्याच तोंडून बाहेर पडलं. कुठं दडून बसलं होतं कुणास ठाऊक. तुला ते ऐकून नवल वाटलं नसणार. तुला आयुष्यभर सवय होती. मला त्याचंच जास्त लागतं.

आता फोनचं. लताचा फोन आला तेव्हा मी वेरूळला होते, एका लॉजच्या काउंटरवर प्रिंटर बघत होते. स्क्रीनवर लताचं नाव. मला वाटलं, तूच आहेस. बायकोच्या फोनवरनं लावलाय, माझा राग गेलाय का बघायला. मनातल्या मनात म्हटलं, झुरू दे थोडा. उचलला नाय. परत आला, उचलला नाय. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी हसले, मल्हारी. देवाशपथ, हसले. सरळ आला बघ ठिकाणावर, असं म्हणून फोन पालथा ठेवला.

तुमची वस्ती तिथनं अर्ध्या तासावर. पहिल्याच फोनला निघाले असते तर पोचले असते. संध्याकाळी लताचा मेसेज वाचला, तू गेलास म्हणून, आणि मी पोचले तेव्हा माती आटपून माणसं परत येत होती. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाय मला. मीच म्हणाले होते ना दाखवू नको, ऐकलंस.

तुझ्या दिवसकार्याच्या वेळी लतानं विचारलं, "ताई, मी तीनदा केला होता. का नाही उचलला?" मी म्हणाले, सायलेंटवर होता. तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. तिला खरं सांगायचं धाडस अजून होत नाय. तुला सांगितलं, बघ तूच काय ते.

चार दिवसांनी कुरिअरवाला आला. "मल्हारी कोण?" म्हणून सही मागायला लागला. मी सही केली. नवे पंखे.

मी ते खोकं उघडलं नाय. इम्रानभाई दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "मॅडम, जल्दी नक्को, मल्हारीभाई का गम मेरेकू भी है. पन अगले हफ्ते तीन शादियाँ हैं, डब्बा होना." मी म्हणाले, "हौ भाई, परसों ले जाओ." तो गेला आणि मी तुझ्या खुर्चीत बसले, पहिल्यांदाच. फार खाली आहे रे तुझी खुर्ची. पाठ कशी दुखत नव्हती तुझी?

मग पुठ्ठा हातात घेतला. तोंड आत.

कुणाच्या भाषेत लिहिलंस? तुझ्या भाषेत असेल तर खायची बाजू आत. म्हणजे पंखे आतली हवा खाणार आणि बाहेर टाकणार. म्हणजे माझं म्हणणं! म्हणजे तू हरलास आणि मानलंस. पण मला वाचायला लिहिलं म्हणून माझ्या भाषेत लिहिलं असशील, तर फुंकायची बाजू आत. म्हणजे तुझंच घोडं पुढं. शब्द माझा घेतलास, पण हेका सोडला नाहीस. दोन्हीतलं काहीतरी एक तू मला दिलं होतंस. कुठलं, ते नाय कळत. मी तो पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. एक बाण! एक टिचभर बाण काढायला काय झालं होतं तुला? पिवळा खडू तुझ्याच खिशात असतो. तिथल्या तिथं मी ओरडले, "अरे बाण का नाय काढलास!" शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, म्हणाला काय झालं ताई. म्हटलं काही नाय, जा.

माझं काय अडलं होतं सांगू? पंखे काय, कसेही लावले असते. दोन्ही तऱ्हेनं चालवून बघितलं असतं, थोडाफार फरक पडला असता. मला एवढंच पाहिजे होतं की तू माझ्यावर चिडून गेलास का नाय. ते सांगणारी एकच वस्तू होती जवळ, आणि तिच्यावर तीन ओळी.

आपण पहिल्यांदा पाण्याचं मशीन केलं ते आठवलं मग. रेडिएटर खाली बसवला होता आपण दोघा हुशारांनी. चालू केलं तर पंपातनं गुडगुड, गुडगुड. तीन दिवस डोकं खपवलं. तू कॅबिनेटला कान लावून बसलास आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "बाई, याला वात धरलाय." मला चहाचा ठसका लागला. मग तू अख्खं मशीन आडवं केलंस आणि आवाज बंद. तेव्हा कळलं, नळ्यांत राहिलेली हवा सगळ्यात उंच जागा धरते, आणि आपला पंपच सगळ्यात उंच होता. रेडिएटर वर घ्या, हवा त्याच्या टोकाला जाऊन गप बसते, पंप मोकळा. पुस्तकात नंतर वाचलं मी. तू आधी ऐकलंस. त्या दिवशी तुला म्हणायचं राहिलं की तू माझ्याहून भारी आहेस. पुढं इतकी वर्षं राहिलंच. तुला डोक्यावर कशाला चढवा, असं वाटायचं.

असो. इम्रानभाईला शब्द दिला होता. पंखे लावायच्या आधी रेडिएटर साफ करावा म्हणून ब्रश घेतला, मोबाईलची बॅटरी लावली आणि आतल्या बाजूनं डोकावले. रेडिएटरच्या पत्र्यांच्या बारीक फटींमध्ये काहीतरी अडकलेलं. आधी वाटलं धूळ. चिमट्यानं काढलं.

लोकर. काळी लोकर, चार-पाच तंतू.

हातातला ब्रश खाली ठेवला. कारण लोकर रेडिएटरला आतल्या बाजूनं चिकटायची एकच रीत आहे. हवा आतनं बाहेर जात असली पाहिजे. तुझ्या पद्धतीनं पंखे फिरले असते तर पुंजका रेडिएटरपासून लांब उडाला असता, चिकटला नसता. म्हणजे जुने पंखे काढायच्या आधी तू ते माझ्या पद्धतीनं लावून बघितले होतेस. माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून, मी जिला घाणेरडी म्हणाले त्या काडीनं.

पण मी पण तुझीच भागीदार. एवढ्यावर विश्वास ठेवीन होय? म्हटलं, माझं चूक आहे हे सिद्ध करायला लावले असतील. मग डबा पालथा केला. तळाला बारीक जाळी. नवी, कात्रीनं अगदी मापात कापलेली, कडांना पट्टी लावलेली. आणि रेडिएटरच्या बाजूची जाळी काढून पिशवीत घालून ठेवलेली. हवा जिथनं बाहेर पडते तिथं जाळी लागत नाय, जिथनं आत येते तिथं लागते. नुसतं करून बघायला कुणी एवढी कापाकापी करत नाय. मी बोलले तसंच्या तसं केलं होतंस तू. "खाली बारीक जाळी लाव" हे माझेच शब्द होते.

म्हणजे मानलं होतंस. मानलं होतंस आणि सांगितलं नाहीस! "तुझं बरोबर" एवढे दोन शब्द पुठ्ठ्यावर मावत नव्हते? हार मानली तीसुद्धा स्वतःच्याच भाषेत. तोंड आत. खायचं तोंड. शेळीचं. हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि मग असा राग आला की स्क्रूची वाटी लवंडली. गुडघ्यांवर बसून स्क्रू वेचले सगळे. एक अजून सापडला नाय.

पंखे लावले. बाण काढला नाय. सगळं जोडून चालू केलं आणि तुझा खण उघडला. काडी तिथंच होती. रुमालात गुंडाळलेली. खिशातनं खणात कधी गेली ती? माझ्या बोलण्यानंतरच गेली असणार. मी ती काडी आत धरली. पुंजका सरळ रेडिएटरकडं झुकला आणि तसाच राहिला. मग कार्डाजवळ धरली, तिथंही हलत होता. एका कोपऱ्यात लोंबला, तिथली वायर बाजूला घेतली, मग तिथंही हलला. आकडे मी बघितलेच नाय.

इम्रानभाई डबा न्यायला आला. त्याला साफसफाई समजावून सांगितली, दर महिन्याला तळाची जाळी काढून झटकायची. त्यानं पंख्यांकडं बघत विचारलं, "और मॅडम, इसका मुँह किधर को है?"

"अंदर को," मी म्हणाले. "जिधर से हवा खाता, वो मुँह."

तो म्हणाला, "आप तो उल्टा बोलते थे ना? वो तो मल्हारीभाई बोलते थे."

"हौ," मी म्हणाले. "मल्हारीभाई सही बोलते थे."

त्यानं डबा उचलला आणि तो गेला. मी तुझं टेबल भिंतीकडनं फिरवून परत माझ्या समोर लावलं. जड आहे, एकटीनं ओढलं. खुर्ची पण समोर ठेवली, माझ्याकडं.

झालं? पंख्याचं तोंड तू म्हणतोस तेच. कळपाचं बोलले ते चुकलं माझं, लई चुकलं. आणि ते तोंड दाखवू नको म्हणाले होते, ते मी मागं घेतलं. आता दाखव, मल्हारी.